दाखल्यांची साखळी

‘प्रॉक्सी’ हा शब्द महाविद्यालयांत उमर घालविलेल्या माणसाला नवा नसतो. हजेरी घेतांना एकाच कंठांतून दोन निरनिराळ्या आवाजांत ‘येस सर’ उमटलेलें ऐकण्याची माझ्या कानांना पंचवीस वर्षांची संवय आहे. त्यामुळें आमच्या कॉलेजचा ईमेल सर्व्हर एका प्रॉक्सीच्या आड बसविलेला आहे असें प्रथम समजलें, तेव्हां मला हसूं आलें. हा प्रॉक्सी मात्र लबाड नव्हे. तो देवडीवरचा कारभारी आहे. ब्राउझरमधून येणारा ४४३ क्रमांकाच्या दारानें, फोनवर पत्रें वाचणारा ९९३ क्रमांकाच्या दारानें आधीं त्याच्यापाशीं येतो. तो विचारपूस करून त्याचें काम आंतल्या यंत्राकडे पोंचवितो. आंतलें यंत्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं.

पण कारभाऱ्यालाहि आपली ओळख पटवून द्यावी लागते. १९८२ सालीं जॉन पोस्टेल यांनीं या टपालाचे नियम लिहिले, तेव्हां पत्रें उघड्या कार्डासारखीं जात. संभाषण मध्येंच सांकेतिक भाषेंत नेण्याची रीत त्या नियमांना १९९९ सालीं जोडण्यांत आली. परंतु नुसत्या सांकेतिक भाषेनें काय साधतें? अंधारांत कोणाच्या तरी कानांत गुपित सांगावें आणि तो कान कोणाचा हें ठाऊक नसावें, तशांतली ती गत. म्हणून आरंभींच सर्व्हरला आपला दाखला पुढें करावा लागतो. त्यावर नांव असतें, मुदत असते आणि दाखला देणाऱ्या संस्थेची सही असते.

गेल्या वर्षीं मुदत संपत आली म्हणून नवा दाखला लावला आणि दुसऱ्याच दिवशीं तक्रारी सुरू झाल्या. संगणक समितीचें अध्यक्षपद निव्वळ वयाच्या अधिकारानें माझ्याकडे आलेलें. तेव्हां त्या सर्व माझ्याच टेबलावर येऊन पडल्या. गंमत अशी, कीं ब्राउझरमधून टपाल बिनतक्रार उघडे. परंतु बऱ्याच फोनांवर ‘जोडणी सुरक्षित नाहीं’ अशी सूचना झळके. सर्वांत वाईट म्हणजे, परीक्षा विभागाचा जो प्रोग्रॅम विद्यार्थ्यांचीं गुणपत्रकें परस्पर इतर विद्यापीठांकडे पाठवितो, तो सर्व्हरशीं बोलावयासच तयार होईना. कित्येक मुलांच्या प्रवेशाची मुदत दोन दिवसांवर आली होती.

आमच्या एका वरिष्ठ सहकाऱ्यांनीं तत्काळ उपाय सुचविला: त्या प्रोग्रॅममधली दाखल्याची तपासणीच बंद करून टाका. सूचना न वाचतां ‘तरीहि पुढें जा’ हें बटण दाबण्याची कला आम्हां शिकलेल्या लोकांना चांगलीच साधलेली आहे. परंतु आमचा तंत्रज्ञ, पंचविशींतला मुलगा, हात मागें बांधून उभा राहिला आणि म्हणाला, “सर, पत्रें जातील. पण तीं कोणाच्या हातांत पडतील, हें मला सांगतां येणार नाहीं. आणि त्याला आपला पासवर्डहि मिळेल.” सहकारी चिडले. मला तो मुलगा त्या क्षणीं फार आवडला, हें येथें नमूद करून ठेवतों.

मग त्यानें ओपनएसएसएल नांवाच्या साधनानें एकेक दार बाहेरून ठोठावलें आणि प्रत्येक ठिकाणीं दाखला वाचून पाहिला. नांव बरोबर होतें, मुदत बरोबर होती. उणीव निराळीच होती. ज्या मूळ संस्थेवर आपले फोन विश्वास ठेवतात, ती आमच्यासारख्यांच्या दाखल्यावर स्वतः सही करीत नाहीं. तिनें नेमलेली मधली संस्था करते. जसें, तलाठ्याची सही परमुलखांत कोण ओळखणार? त्याला नेमणाराचा कागद सोबत हवा. आमच्या प्रॉक्सीनें स्वतःचा दाखला दाखविला, मधला कागद दाखविलाच नाहीं. कित्येक ब्राउझर असा राहिलेला दुवा आपल्या संग्रहांतून किंवा बाहेरून मिळवून घेतात. साधे प्रोग्रॅम तसें करीत नाहींत. उदार परीक्षकाला दिसला नाहीं तो दोष कडक परीक्षकानें दाखविला, इतकेंच.

दोन्ही दाखले एका फाइलींत, आपला आधीं व मधला नंतर, असे ठेवून प्रॉक्सी पुन्हां सुरू केला आणि पांच मिनिटांत गुणपत्रकें निघालीं. हिशेबखात्यांतल्या एका कारकुनाचा संगणक मात्र तरीहि अडून बसला. त्याच्या घड्याळाची बॅटरी संपली होती व तो अनेक वर्षें मागच्या तारखेंत वावरत होता. आजचा दाखला त्याच्या लेखीं अजून जन्मालाच आला नव्हता! (अशा तारखेंत वावरणारे सर्वच संगणक नसतात, पण तें असो.)

हे दाखले आतां अधिकाधिक अल्पायुषी होणार आहेत. दाखले देणाऱ्या संस्था व ब्राउझर बनविणाऱ्या कंपन्या यांच्या मंडळानें एप्रिल २०२५ मध्यें ठरविल्याप्रमाणें, १५ मार्च २०२९ पासून त्यांची मुदत फार तर ४७ दिवसांची राहील. इतक्या वेळां माणसानें लक्ष ठेवणें अशक्य, म्हणून आमच्या तंत्रज्ञानें नूतनीकरणाचें काम यंत्रावरच सोंपविण्याचें योजिलें आहे. नवा दाखला लागतांच प्रत्येक दार बाहेरून ठोठावून साखळी पुरी आहे कीं नाहीं हें पाहावें, एवढें कलम मीं समितीच्या ठरावांत घालून घेतलें. वरिष्ठ सहकाऱ्यांनीं त्यावर न वाचतांच सही केली.