द्रोणागिरीचा सराफ

हनुमंत द्रोणागिरी उचलून लंकेकडे निघाला तेव्हा त्याचा एक तुकडा उरणजवळ समुद्रकाठी पडला, असे माझ्या आजोळची माणसे सांगतात. असे तुकडे देशात इतर गावांनीही आपल्या पदरात पाडून घेतले आहेत. मारुतिरायाच्या हातून वाटेत एवढे सांडले असेल तर लक्ष्मणापर्यंत पोचले तरी किती, असे मी लहानपणी आजीला विचारले होते, आणि उत्तरादाखल तिने माझा कान पिळला होता. डोंगर मात्र खरा देखणा. वर किल्ल्याचे आणि पोर्तुगीज अमदानीतल्या चर्चचे अवशेष, खाली करंजा गावात द्रोणागिरी मातेचे देऊळ, आणि समोर खाडीत नांगरलेल्या मचव्यांची रांग.

आमच्या लहानपणी आजोळी जायचे म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून लाँचने मोरा बंदर गाठायचे. आता १२ जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते, आणि उरणच्या अलीकडच्या स्टेशनाला सुरू होताना चक्क ‘द्रोणागिरी’ असे नाव मिळाले. डोंगराचे नाव असे सपाटीवर उतरून आले, ते सिडकोने वसवलेल्या नव्या उपनगरामुळे. गाडीच्या खिडकीतून खारफुटी दिसते, उरलीसुरली मिठागरे दिसतात, आणि मग एकावर एक रचलेल्या लाल-निळ्या पेट्यांचे डोंगर सुरू होतात. १९८९ साली न्हावाशेवा बंदर सुरू झाले आणि इथल्या पंचक्रोशीचा सारा रंगच पालटला.

या उपनगरात माझे धाकटे मामा राहतात. तीस वर्षे बोटीवर काढली आणि निवृत्त झाल्यावर चौथ्या मजल्यावर घर घेतले. गेल्या श्रावणात आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, ते एका विशेष कामासाठी.

काम असे होते. माझी धाकटी बहीण सिंगापूरला असते. तिचे पहिले बाळंतपण. आई आणि आमची सौ. दोघी तिच्याकडे जायच्या होत्या. तिकिटे जावयाने काढली, तिथवर आईने ऐकून घेतले. पण “लेकीच्या घरी जायचे आणि डिंक-खोबऱ्यालासुद्धा जावयापुढे हात पसरायचा, हे माझ्याने होणार नाही,” असे तिने बजावले. बाबांच्या पेन्शनीतून महिन्याला थोडे थोडे बाजूला टाकून तिने एक लाख वीस हजार रुपये जमवले होते. त्यातले बरेचसे डब्यात, रोख. त्यांचे तिला सिंगापुरी डॉलर हवे होते. भाव तर ज्या दुकानात विचारावा तिथे निराळा. ज्यांची लेकरे परदेशी आहेत त्या वाचकांना हा घोळ नव्याने सांगायला नको.

मामांनी आधी चहा दिला आणि मग आईला म्हणाले, “ताई, दुकानदाराला भाव विचारूच नकोस. एवढेच विचार की, माझे एक लाख वीस हजार घे आणि सगळे कापून माझ्या हातात किती डॉलर ठेवतोस ते सांग.”

मी कागद घेतला. समजा, बाजारात सिंगापूरच्या डॉलरचा भाव ६५ रुपये आहे. एक दुकानदार म्हणतो, आमच्याकडे कमिशन अजिबात नाही, आणि डॉलर देतो ६८ ला. दुसरा दीडशे रुपये कमिशन मागतो, पण डॉलर ६६ ला देतो. कमिशन नाही म्हटल्यावर आपण पहिल्याकडे वळणार. हिशेब मांडला तर पहिल्याकडे १७६४ डॉलर मिळतात आणि दुसऱ्याकडे १८१५. सरकारी कर दोघांकडे सारखाच. म्हणजे कमिशन नसलेल्या दुकानात आईचे एक्कावन्न डॉलर गेले! ती आकड्यांकडे पाहत राहिली. “दोन महिन्यांची बचत आहे ही माझी,” एवढेच म्हणाली.

या कापल्या जाणाऱ्या रकमेला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे: बट्टा. इंग्रज सरकारने १८३५ साली एकसारखा रुपया पाडला, तोपर्यंत आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, सुरती असे नाना तऱ्हेचे रुपये चालत. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी न्यावा तर सराफ तो पारखून बट्टा कापून घेई. सराफ या मूळ अरबी शब्दाचा अर्थच नाणी बदलून देणारा. सोन्याचे दागिने त्याच्या दुकानात मागाहून आले. सरकारी खजिन्यात नाणी पारखणारा तो पोतदार. पुण्याहून सुरतेला जाणाऱ्या माणसालाही तेव्हा आजच्या परदेशी प्रवाशासारखाच घोर असे. ‘नावाला बट्टा लागला’ असे आपण म्हणतो ना, तो बट्टा हाच. वर्गात मी हे दरवर्षी शिकवतो; पण आईच्या एक्कावन्न डॉलरांनी त्या शब्दाला जे वजन आले ते माझ्या व्याख्यानाने कधी आले नव्हते.

मामांचे शिक्षण बंदरांत झाले. कप्तानाकडून पगारातली उचल डॉलरमध्ये घ्यायची आणि त्या त्या देशात मोडायची. हाँगकाँगच्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये दाराशी असलेल्या दुकानांपेक्षा आतल्या दुकानांत भाव चांगला, हे त्यांना पहिल्याच सफरीत कळले. “करंजाच्या बाजारात शिरताना समोर आलेला पहिलाच वाटा कुणी उचलतो का?” असे त्यांचे म्हणणे. विमानतळावरचे दुकान म्हणजे तो पहिला वाटा. गिऱ्हाईक अडलेले असते, आणि दुकानदाराला ते ठाऊक असते.

बट्टा न लागणारी एक गंमतही त्यांनी सांगितली. ब्रुनेईचा डॉलर सिंगापुरात त्याच किमतीला चालतो; १९६७ पासून दोन्ही देशांत तसा करारच आहे.

आपल्या रुपयाची कथा एवढी सुखाची नाही. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा अमेरिकी डॉलर एका रात्रीत साडेसात रुपयांचा झाला. त्या काळात परदेशी निघालेल्या माणसाला जेमतेम आठ डॉलर मिळत, भाव कसलाही असो. आता कायद्याने एका माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. आईला हे सांगितले तर म्हणाली, “मग माझ्यासारखीने भावच बघायचा.”

एक अडचण मामांनी वेळीच दाखवली. पन्नास हजारांपेक्षा जास्त रकमेचे परकी चलन रोख पैशांनी घेता येत नाही. पैसे बँकेतून द्यावे लागतात. म्हणजे डबा आधी बँकेत रिकामा करणे आले. शिवाय सौ.ने आपले कार्ड जवळ ठेवावे आणि तिथल्या दुकानातले यंत्र ‘रुपयांत की डॉलरांत’ असे विचारील तेव्हा डॉलर म्हणावे. रुपये म्हटले की भाव तो दुकानदार लावतो, आणि तो आपल्या सोयीचा कधीच नसतो. उरलेल्या नोटा परत विकताना पुन्हा बट्टा बसतो, तेव्हा लागतील तेवढेच डॉलर घ्यावेत. नाणी तर इथे कुणी घेत नाही; ती तिथेच भाजीला संपवावीत.

उठता उठता मामांनी जुन्या तबकातून सिंगापूरचे एक नाणे काढून आईच्या हातावर ठेवले. त्यावर देशाचे नाव चार भाषांत आहे, त्यांत तमिळही. “आपली मराठी नाही का रे?” आईने मला विचारले, जणू ती माझी जबाबदारी होती.

पुढच्या शनिवारी आम्ही वाशीला तीन दुकाने पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी आईने तोच एक प्रश्न विचारला. पहिल्या दुकानातल्या पोराने तिला भाव सांगितला, कमिशन नसल्याचे सांगितले, पाटी दाखवली. “ते असू दे बाळ, हातात किती?” आई म्हणाली. तिसऱ्या दुकानात सौदा झाला. दहा डॉलरची गुळगुळीत, प्लास्टिकची नोट तिने उजेडात धरली, नखाने खरवडून पाहिली, सगळ्या नोटा दोनदा मोजल्या आणि बटव्यात घातल्या. मग पावती मागून घेतली, मामांना दाखवायला.