घोंगडी पांघरलेला तपासनीस

क्रोममध्ये एफ-१२ दाबलं की पानाचं माजघर उघडतं. वर टॅबची दाटी, आणि जागा पुरत नाही म्हणून पानाची तपासणी करणारा लाइटहाउस बहुधा शेवटच्या दुहेरी बाणाआड उभा. बोलावल्याशिवाय हा पुढे येत नाही. २०१६ साली आला तो एक्स्टेन्शन म्हणून; वर्षभरात घरातच राहायला लागला. तेव्हा दारावर ‘ऑडिट्स’ अशी पाटी होती, स्वतःचं नाव लागायला २०२० उजाडलं.

स्वभाव गोष्टीतल्या राजाचा. रात्री घोंगडी पांघरून प्रजेत हिंडणाऱ्या. माझ्या टेबलावर दणकट लॅपटॉप आणि फायबरचं इंटरनेट, पण मोबाइलची तपासणी सांगितली की हा गरिबी पांघरतो: मधल्या किमतीचा फोन, चौपट मंदावलेला प्रोसेसर, सेकंदाला जेमतेम १.६ मेगाबिटचं रडकं ४जी. (हे सोंग तो बरंचसं हिशोब मांडूनच वठवतो. हिशोब मात्र बरा असतो.) डेस्कटॉप निवडलं तर घोंगडी बरीचशी उतरते आणि गुण चढतात. गिऱ्हाइकाला कुठला स्क्रीनशॉट जातो, हे सांगायला नको.

गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी हौसेनं केली होती. माझ्याकडे ती चुटकीसरशी उघडायची. लाइटहाउसनं कामगिरीला ३४ गुण दिले, शेजारी लाल त्रिकोण. कारण पहिल्याच पडद्यावर: दिवाणखान्याचा चार एमबीचा फोटो, कॅमेऱ्यातून निघाला तसाच चढवलेला. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदांत दिसावी अशी याची अपेक्षा. माझा फोटो त्या सोंगातल्या फोनवर वीस सेकंद वाट पाहायला लावत होता. शिवाय फोटोची लांबी-रुंदी मी लिहिलीच नव्हती. त्यामुळे तो उशिरा उतरला की खालचा मजकूर धपकन सरकायचा, ‘वेळ’वर टेकवलेलं बोट ‘वर्गणी’वर पडायचं. मला हे कधी दिसलंच नव्हतं. माझ्याकडे फोटो आधीच येऊन बसलेला असायचा.

फोटो आवळला, मापं लिहिली. गुण ८८. पुन्हा चालवलं, ८३. काही न बदलता पुन्हा, ९१! हा त्याचा लहरीपणा. ब्राउझरमधली एक्स्टेन्शन्सही त्याच्या डोळ्यांत धूळ टाकतात, म्हणून जाणकार त्याला इनकॉग्निटो खिडकीत नेतात आणि चार-पाच फेऱ्यांतला मधला आकडा धरतात. नव्वदीपुढे हिरवा गोल. चारही विषयांत शंभर पडले तर गडी चक्क आतषबाजी करतो. इतका कोरडा तपासनीस आणि पोटात फटाके!

तो भोळाही आहे. फोटोला पर्यायी मजकूर आहे का, एवढं तो बघतो. त्या मजकुरात काय आहे, याची विचारपूस नाही. मी आळसानं एका फोटोला ‘डीएससी ००४७’ असं फाइलचंच नाव दिलं होतं. पास! २०१९ मध्ये मॅन्युएल मातुझोविच या वेब डेव्हलपरनं तर मुद्दाम एक पान रचलं. ना माऊसनं वापरता येईल, ना कीबोर्डनं, ना स्क्रीन रीडरनं. सुगम्यतेत, म्हणजे अपंगांनाही पान वापरता येतं का या विषयात, त्याला शंभर पडले.

पण लबाड नाही म्हणून मला तो आवडतो. सुगम्यतेच्या अहवालाच्या तळाशी एक मिटलेली यादी असते: हे मला जमत नाही, तुम्ही हातानं तपासा. ती मी कित्येक महिने उघडली नव्हती. ९६चा हिरवा गोल दिसला की खाली कोण जातो?

एका रविवारी उघडली. त्यात कीबोर्डचा मुद्दा होता. माऊस बाजूला सारला आणि टॅब दाबत निघालो. मेनू, उपमेनू, मिटलेल्या उपमेनूतल्या न दिसणाऱ्या लिंका, पुन्हा मेनू. पुस्तक शोधायच्या चौकटीत पोचलो तेव्हा मोजून एकतीस टॅब झाले होते.