फणीचा पंधरवडा

आमच्या जव्हारच्या घरी दोन फण्या होत्या. एक आजीची, देव्हाऱ्याखालच्या फळीवर ठेवलेली. तिला कुणी हात लावायचा नाही. दुसरी मागच्या पडवीत खुंटीला टांगलेल्या पिशवीत, आम्हा आठ चुलत-सख्ख्या भावंडांची. लाकडी, चपटी, दोन्हीकडून दात्यांची. एका बाजूचे दाते रुंद, गुंता सोडवायला. दुसऱ्या बाजूचे इतके बारीक, की त्यांतून उजेड दिसतो का ते बघायला फणी डोळ्यांशी धरावी लागे.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की पडवीच्या पायऱ्यांवर रांग लागायची. वरच्या पायरीवर आजी, तिच्या पुढ्यात काकू, काकूच्या पुढ्यात आई, आईच्या पुढ्यात मी, माझ्या पुढ्यात धाकटी बहीण. प्रत्येकीचं डोकं मागचीच्या हातात. शेजारच्या बायका आल्या की रांग अंगणात उतरायची. त्या दुपारी लग्नं ठरली, भांडणं मिटली, सासरच्या गोष्टी सांगून झाल्या. आणि मधूनच दोन नखांच्या मध्ये बारीकसा ‘टच’ असा आवाज यायचा. जव्हार असो की मोखाडा, गावातलं घर असो की पाड्यावरचं, आमच्या पिढीच्या बायकांना तो आवाज सांगावा लागत नाही.

उवा यायच्या पावसाळ्यात. आमच्याकडचा पाऊस म्हणजे चार महिने बाहेरचं जग बंद. अंगणातली मुलं चुलीभोवती यायची, एका घोंगडीत चौघं झोपायची, डोक्याला डोकं लागून. केस वाळत नसत, म्हणून काकू म्हणायची, ओल्या केसांत उवा होतात. ते खरं नव्हतं. उवा होत नाहीत, त्या येतात. ऊ उडत नाही, उडी मारत नाही. एका केसावरून दुसऱ्या केसावर चालत जाते. म्हणून दुसरा हंगाम शिमग्यानंतरचा. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर आणि शहरांकडे कामाला गेलेली कुटुंबं होळीला घरी परतत, मग बोहाडे सुरू होत. मुखवटे घातलेल्या देवांची सोंगं रात्रभर नाचायची आणि आम्ही मुलं चटईवर एकमेकींच्या खांद्यावर डोकी टाकून झोपायचो. बोहाड्याहून घरी येताना सोंगांची स्वप्नं यायची आणि उवाही यायच्या.

आजीचा इलाज ठरलेला होता. खोबरेल महाग, त्यामुळे ते सणाला. एरवी मोहाच्या बियांचं घाण्याचं तेल. ते कोमट करून टाळूपासून टोकापर्यंत चोपडायचं. अंगणात उन्हाला बसवायचं, खांद्यांवर जुन्या धोतराचं पांढरं फडकं टाकायचं. आधी रुंद दात्यांनी गुंता सोडवायचा. मग केसांच्या बारीक बटा करून बारीक दाते टाळूला टेकवायचे आणि टोकापर्यंत ओढायचे. दर ओढीला फणी फडक्याला पुसायची. कानामागे आणि मानेवर दोनदा, कारण लिखा तिथेच जास्त. शेवटी रिठा-शिकेकाईच्या पाण्यानं न्हाणं, आणि ओल्या केसांतून पुन्हा एकदा फणी.

तिचे दोन नियम मात्र कडक होते. पहिला: एकाच्या डोक्यात सापडली की सगळ्या घराची डोकी त्याच दिवशी बघायची, बाप्यांचीसुद्धा. दुसरा: रविवार आणि बुधवार, एक पंधरवडा. पहिल्या रविवारी ती चुलीतल्या कोळशानं पडवीच्या भिंतीवर रेघ ओढायची. बुधवारी दुसरी. पाचव्या रेघेपर्यंत कुणाची सुटका नाही. तिसऱ्या रेघेला आम्ही म्हणायचो, “आजी, आता एकपण नाही गं सापडत.” ती म्हणायची, “लिखा आहेत ना? मग उद्याच्या उवा आहेत.”

आजी शाळेत गेली नव्हती. पण पुढे मी उवेबद्दल वाचलं तेव्हा तिच्या पाच रेघांचा हिशेब मला कळला. मादी दिवसाला आठपर्यंत लिखा घालते आणि त्या केसाला टाळूजवळ चिकटवते. लीख फुटायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. त्यातून निघालेलं पिल्लू मोठं होऊन लिखा घालायला लागेपर्यंत आणखी आठवडा-दीड आठवडा जातो. फणीत ऊ सापडते, पण घट्ट चिकटलेली लीख मागे राहते. ती लीख फुटू द्यायची, पण पिल्लाला लिखा घालण्याएवढं मोठं होऊ द्यायचं नाही, एवढंच करायचं असतं. तीन-चार दिवसांनी एकदा, असं दोन आठवडे विंचरलं की शेवटची लीख फुटून निघालेलं पिल्लूही फणीत येतं. आजीच्या पंधरवड्यात हे सगळं बसत होतं.

ब्रिटनमध्ये 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत काही मुलांचे ओले केस दर चार दिवसांनी बारीक फणीनं विंचरले गेले, तर काहींना दुकानातली उवांची औषधं लावली गेली. विंचरलेल्यांपैकी 57 टक्के मुलांची डोकी साफ झाली, औषधवाल्यांपैकी 13 टक्क्यांची. उवा पुष्कळ ठिकाणी त्या औषधांना सरावल्या आहेत. फणीच्या दात्यांना मात्र त्या सरावू शकत नाहीत.

तेलाचं कामही तेव्हा आम्हाला उलटंच वाटायचं. आम्हाला वाटे, तेलानं ऊ मरते. तेलानं काही गुदमरतात, पण सगळ्या नाहीत, आणि लिखा तर मुळीच नाहीत. ऊ पाण्यात बुडवली तरी तासन् तास तग धरते. म्हणून नुसत्या न्हाण्यानं उवा जात नाहीत. तेलानं आणि पाण्यानं होतं ते असं, की केस निसरडे होतात, ऊ पळायची थांबते आणि फणी न अडकता टाळूपर्यंत पोचते.

आमच्या पिढीनं सगळं शहाणपणानंच केलं असं मात्र मी म्हणणार नाही. विषाच्या वाटेला आम्हीही गेलो होतो. एका उन्हाळ्यात पाहुणी आलेली मावशी म्हणाली, कशाला पंधरा दिवस घालवता, सीताफळाच्या बिया वाटून लावा, एका दिवसात मोकळं. पाट्यावर बिया वाटल्या, तेलात कालवल्या आणि धाकट्या बहिणीच्या डोक्याला थापल्या. न्हाताना ते पाणी तिच्या डोळ्यांत उतरलं. ती किंचाळली ती अजून माझ्या कानांत आहे. तीन दिवस तिला डोळे उघडता आले नाहीत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बुबुळावर ओरखडा दाखवला आणि दिवसातून चार वेळा औषध घालायला सांगितलं. डोळे वाचले. सीताफळाच्या बियांनी ऊ मरते हे खरंच आहे, पण त्याच रसानं डोळ्याच्या बाहुलीवरची कातडीही सोलली जाते. अशा इजा भारतातल्या आणि थायलंडमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवल्या आहेत. आई त्यानंतर सीताफळाच्या बिया मोजून चुलीत टाकायची.

दुसरं विष सरकारी गाडीतून आलं होतं. देशात मलेरियाची मोहीम 1953 साली सुरू झाली आणि फवारणीची माणसं पाठीवर पंप घेऊन पाड्यापाड्यांवर फिरली. भिंतींवर डीडीटी मारायचं. दुसऱ्या महायुद्धात 1943-44 च्या हिवाळ्यात इटलीतल्या नेपल्स शहरात हीच पावडर लोकांच्या अंगावर उडवून अंगावरच्या उवा मारल्या होत्या आणि टायफसची साथ रोखली होती. तिथे जिवाची बाब होती, आणि ती ऊ वेगळी. अंगावरच्या कपड्यांत राहणारी ऊ रोग पसरवते. डोक्यातली ऊ रोग पसरवत नाही. पण आमच्याकडे हा फरक सांगायला कुणी आलं नाही. शेतातली, भिंतीवरची, ढेकणांची पावडर मुलांच्या डोक्यात गेली. कुणी रॉकेल चोळलं, आणि चुलीसमोर बसवून चोळलं. उवांच्या आणि खरजेच्या औषधांत जे लिंडेन वापरलं जायचं, ते 2009 साली जगानं टाळायच्या विषांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. आमच्या कातडीनं ते त्याआधी पुष्कळ वर्षं प्यायलं होतं. खोबरेलात भरमसाट कापूर घालणाऱ्या घरांनाही माहीत नव्हतं, की तो पोटात गेला तर लहान मुलाला आकडी येऊ शकते.

आणि तिसरा घाव कुठल्याच पावडरीचा नव्हता. चौथीत असताना एका बाईंनी आम्हा पाच मुलींना वर्गात मागच्या बाकावर वेगळं बसवलं. आमच्यातल्या पाड्यावरून येणाऱ्या दोघींचे केस त्याच आठवड्यात वस्तऱ्यानं काढले गेले. त्यातली एक पुन्हा शाळेत आली नाही. आम्ही घाणेरड्या आहोत असं आम्हाला वाटलं, आणि ते कित्येक वर्षं वाटत राहिलं. ऊ घाण बघून येत नाही. रोज न्हाणाऱ्या डोक्यातही ती तितक्याच सुखानं राहते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही आज सांगते, की उवांसाठी धडधाकट मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. हे एक वाक्य तेव्हा आमच्या शाळेत कुणी म्हटलं असतं, तर ती मुलगी कदाचित शिकली असती.

दुसरी वाट आमच्याच मुलखात तयार झालेली होती, हे मला मोठेपणी कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. 1945 साली ताराबाई मोडक बालशिक्षणाच्या कामासाठी बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे 1957 मध्ये त्यांचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आज अंगणवाडी हा शब्द आपण सहज वापरतो. तो त्या कामातून आला. पाड्यावरच्या मुलांना अंगणात जमवायचं, त्यांना स्वच्छ करायचं, केस विंचरायचे, आणि हे सगळं शिकवण्याचाच भाग म्हणून करायचं. मुलाच्या डोक्याला शिक्षिकेनं मायेनं हात लावायचा, ही तिथली पहिली इयत्ता होती. कोसबाड आणि जव्हार आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत.

फणीची थोरवी आमच्या वारली शेजाऱ्यांना आमच्याआधी ठाऊक होती. लग्नाच्या वेळी भिंतीवर तांदळाच्या पिठानं जो चौक लिहितात, त्यात पालघट देवीच्या सोबतीला फणी आणि शिडीही असते. आमच्याकडे लावणीला येणारी मावशी तिच्या लेकीच्या लग्नात मला तो चौक दाखवायला घेऊन गेली होती. मी विचारलं, “मावशी, देवाच्या चित्रात फणी कशाला?” ती म्हणाली, “बाय, संसारात लागते ती सगळी तिथं.” आणि उवांची फणी तर फारच जुनी. इस्राएलमधल्या लाखीश इथे हस्तिदंताची सुमारे 3700 वर्षांपूर्वीची फणी सापडली. तिच्यावर कोरलेला मजकूर 2022 साली जगापुढे आला: केसांतल्या आणि दाढीतल्या उवा या फणीनं जाव्यात, अशी मागणी त्यात आहे. त्या फणीलाही दोन बाजू. एकीकडे सहा रुंद दाते, दुसरीकडे चौदा बारीक. ते वाचताना मला पडवीतली पिशवी दिसली.

आज त्या पायऱ्यांवर रांग लागत नाही. आयांना वेळ नाही, आणि कित्येक मुलं आश्रमशाळांत राहतात, ओळीनं अंथरुणं टाकून. ज्या भागातल्या वावर-वांगणीचं नाव 1992 साली बालमृत्यूंमुळे देशभर गेलं, तिथे उवांची चौकशी कोण करणार, असं म्हणता येईल. पण रात्रभर डोकं खाजवणारं मूल झोपत नाही, नखांनी टाळूला जखमा होतात, त्या चिघळतात, आणि सकाळी त्याचं पुस्तकात लक्ष लागत नाही. पोषणाची काळजी घेणाऱ्यांनी झोपेचीही घ्यायला हवी. या इलाजाला लागते ती एक बारीक दात्यांची फणी, पळीभर तेल आणि एक माणूस.

आयांना, आश्रमशाळांतल्या अधीक्षिकांना, अंगणवाडीतल्या ताईंना माझं एवढंच सांगणं आहे. शेतातलं, भिंतीवरचं, ढेकणांचं काहीही मुलाच्या डोक्याला लावू नका. रॉकेल नको, सीताफळाच्या बिया नकोत. केस कापू नका. टाळूपासून बोटभर लांब गेलेल्या पांढऱ्या लिखा बहुधा रिकाम्याच असतात. घर धुपवू नका, डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. चादरी-उशा कढत पाण्यात धुऊन उन्हात टाका, फणी दहा मिनिटं कढत पाण्यात ठेवा. मुलींच्या वेण्या घाला. डोक्यात जखमा असतील किंवा पंधरा दिवसांनीही जिवंत ऊ सापडली, तर आरोग्य केंद्रात दाखवा.

आणि येत्या रविवारी मुलाला पुढ्यात घेऊन बसा. केसांना तेल लावा, खांद्यांवर पांढरं फडकं टाका, टाळूपासून फणी ओढा. मग भिंतीवर किंवा कॅलेंडरवर एक रेघ मारा. बुधवारी दुसरी. पाच रेघा पुऱ्या होईपर्यंत थांबू नका.