वाघ नाही, ताड दिसला!

कान्हात तीन सफारी, वाघ शून्य. तोंडं पाडून बांधवगडला निघालो, तर ड्रायव्हरभैया म्हणाला, "पत्थर के पेड़ देखोगे?" आमची गँग म्हणजे काय, कुठेही उतरते!

घुघवा. दिंडोरी जिल्ह्यात, शहापुऱ्याजवळ. जेमतेम २७ हेक्टर, पण १९८३पासून चक्क नॅशनल पार्क. खरं सांगते, पहिली पाच मिनिटं बोअर होतं. उन्हात नुसते दगड. मग एका खोडाचा आडवा, गुळगुळीत काप दिसतो. आत वर्तुळं नाहीत, ठिपकेच ठिपके. म्हणजे ताडामाडाच्या कुळातलं झाड! साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या दोन थरांमधल्या निवांत काळात इथे झाडं वाढली, पडली, गाडली गेली. पाण्यातली सिलिका लाकडात पेशीपेशीनं भरत गेली. लाकूड गेलं, नक्षी राहिली.

आणि गंमत म्हणजे तेव्हा ही जमीन विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती, उत्तरेकडे सरकत होती. इथलं एक लाकूड युकॅलिप्टसचं, असं काही अभ्यासकांनी मांडलंय. ऑस्ट्रेलियाकडचं झाड, माणसानं आणायच्या कोट्यवधी वर्षं आधी इथे? सगळ्यांना ते पटलेलं नाही. छिंदवाड्याजवळ मोहगाव कलानला मात्र निपा नावाच्या ताडाची फळं दगडात मिळालीत. निपा आज सुंदरबनात, अंदमानात, खाडीच्या चिखलात वाढतो. नागपूरकरांनो, छिंदवाड्यात खाडी! समुद्राचा एखादा फाटा आत आला असावा, असा तर्क यावरूनच निघाला.

निघताना आमच्यातल्या एकीनं बोटभर तुकडा हळूच पर्समध्ये टाकला. चौकीदारकाकांनी पाहिलं. ओरडले नाहीत. "घर ले जाओगी तो ये सिर्फ पत्थर है," एवढंच म्हणाले. तिनं तो होता तिथेच परत ठेवला.

मी गप्पच होते. घरी टीव्हीशेजारी असाच एक तुकडा आहे, त्यावर सालीच्या रेषासुद्धा दिसतात. बाबांनी फिरतीच्या नोकरीत कुठूनतरी आणलेला. चंद्रपूर? सिरोंचा? की इथलाच? विचारायचं राहून गेलं. आता बाबा नाहीत, आणि ते झाड कुठलं होतं हे सांगणारं दुसरं कुणीच नाही.