संधी आणि विवक्षा

संस्कृतचे संधिनियम मी दोनदा शिकलो. पहिल्यांदा आठवीच्या वर्गात, परीक्षेतील गुणांसाठी. दुसऱ्यांदा पस्तिशी ओलांडल्यावर, पदव्युत्तर वर्गाला भाषाविज्ञान शिकविण्याचे काम माझ्याकडे आले तेव्हा. नियम दोन्ही वेळा तेच होते. तरीही या दोन शिक्षणांत जे अंतर पडले त्याचा संबंध केवळ व्याकरणाशी नाही, असे मला वाटत आले आहे.

वलगाव हे आमचे गाव. अमरावतीहून परतवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, पेढी नदीच्या काठचे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर असताना गाडगेबाबांचे देहावसान येथे झाले, म्हणून बाहेरच्यांना ते नाव ठाऊक असते. आमची शेती कोरडवाहू, आणि आई निरक्षर. सवंगणीच्या दिवसांत शेतावर किती मजूर आले आहेत हे सांगून ती मला पाण्याची घागर घेऊन पिटाळीत असे. 'आज साज्जन हायेत, पानी जास्त घे,' असे ती म्हणे. सात आणि जन हे दोन शब्द तिच्या तोंडी एकच होत.

आठवीत संस्कृत सुरू झाले. स्वरसंधी मला फारसे जड गेले नाहीत. सजातीय स्वरांचा दीर्घ, अ-कारापुढे इ-उ आल्यास गुण, इ-उ-ऋपुढे विजातीय स्वर आल्यास य-व-र, अशी कोष्टके घोकून पाठ झाली. व्यंजनसंधी मात्र अवघड वाटले. त-वर्गापुढे च-वर्ग आल्यास त-वर्गाचा च-वर्ग होतो, हा नियम सांगून गुरुजींनी फळ्यावर 'सत् + जन = सज्जन' असे लिहिले. मी हात वर केला आणि म्हणालो, 'आमची मायही असंच म्हणते, साज्जन.' वर्ग हसला. गुरुजी मनाने कठोर नव्हते. त्यांनी कारणही दिले. 'सत् हा शब्द हलन्त आहे, सात हा अकारान्त. अकारापुढे हा नियम लागतच नाही. शिवाय नियम संस्कृतला असतात. बोलीत असते ती अशुद्धी.'

त्या संध्याकाळी मी आईला शुद्ध केले. 'साज्जन नाही, सात जण म्हणायचं,' असे तिला बजावले. तिने वाद घातला नाही. मुलगा शिकतो आहे याचे तिला अप्रूप होते. त्यानंतर माझ्यासमोर ती दोन्ही शब्द सुटे करून, मध्ये किंचित थांबून, 'सात... जन' असे म्हणू लागली.

गुरुजींच्या कारणातील दोष कळायला मला वीसहून अधिक वर्षे लागली. 'सात' हा शब्द अकारान्त आहे तो कागदावर. मराठीच्या उच्चारात अन्त्य अ-कार लोपतो. आपण लिहितो सात, म्हणतो सात्. म्हणजे तोंडातल्या भाषेत तो 'सत्'इतकाच हलन्त आहे. मग पुढे ज आला की त् घोष होतो, ज-कडे सरकतो आणि साज्जन होते. मराठीतला हा ज दंततालव्य आणि 'सज्जन'मधला तालव्य, एवढा फरक आहे. पण प्रक्रिया तीच. एकदा कान तयार झाल्यावर जागोजागी तेच ऐकू येऊ लागले. 'माहीत नाही'चे 'माहीन्नाई' होते तेव्हा 'जगत् + नाथ = जगन्नाथ' याच नियमाचे काम चालू असते. 'आत टाक'चे 'आट्टाक' होते ते 'तट्टीका'प्रमाणे, आणि 'एक गाव'चे 'एग्गाव' होते ते 'दिग्गज'प्रमाणे.

यात वऱ्हाडाचे विशेष असे काही नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. प्रमाण मराठी बोलणारा सुशिक्षितही जलद बोलताना हेच करतो. त्याला कोणी अशुद्ध म्हणत नाही, कारण ते कोणी लिहीत नाही. संस्कृतच्या लेखनपरंपरेने संधी लिहून दाखविले, मराठीच्या लेखनाने ते झाकले. आणि या लेखनभेदावरून आपण असा निष्कर्ष काढला की संस्कृतला संधी आहेत, मराठीला नाहीत. आपल्या व्याकरणपुस्तकांतील संधिप्रकरण बव्हंशी तत्सम शब्दांचे असते. 'काहीसा', 'नदीत', 'एकेक' अशी मराठीची मोजकी उदाहरणे शेवटी येतात, तीही जी लेखनात उतरली आहेत तेवढीच. उद्धव शेळके यांच्या 'धग'सारख्या (१९६०) कादंबरीपासून बोलीतील संवादांची आपण वाखाणणी करतो; परंतु संवादात असा उच्चार लिहिला की तो ग्रामीणतेची खूण ठरतो आणि निवेदनात तोच उच्चार अलिखित राहिला की प्रमाण ठरतो, या विषम न्यायाची चर्चा समीक्षेत पुरेशी झालेली नाही.

येथे एक सावधगिरी घेतली पाहिजे, कारण आपल्या बोलीच्या प्रेमात सर्वच गोष्टींना संधी म्हणण्याचा मोह होतो. वऱ्हाडीत डोळ्याचा डोया होतो, शाळेची शाया होते. हा संधी नव्हे. तेथे ळ-चा य शेजारच्या शब्दामुळे झालेला नाही; तो बोलीतला स्थिरावलेला ध्वनिबदल आहे. संधीला शेजार लागतो. वर्णांच्या अत्यंत सान्निध्याला पाणिनी 'संहिता' म्हणतो, आणि त्याचे संधिकार्य त्या सान्निध्याच्या अधिकारात चालते. हे जिभेचे वर्तन आहे, एका भाषेचा अलंकार नव्हे. आधुनिक भाषाविज्ञानाने हा शब्द जसाच्या तसा उचलला. ब्लूमफील्ड यांच्या १९३३ च्या 'लँग्वेज' या ग्रंथात तो आहे, आणि चिनी भाषेत शेजारच्या अक्षरामुळे सूर बदलतो त्यालाही अभ्यासक संधीच म्हणतात. बीजिंगच्या बोलण्याला जो शब्द लागू पडतो तो वलगावच्या बोलण्याला लागू पडू नये, याचे कारण भाषाविज्ञानात सापडणार नाही.

ते इतिहासात सापडते. संस्कृतच्या वर्गाचे दार कोणासाठी उघडे होते हा आपल्याकडे केवळ शैक्षणिक प्रश्न नव्हता. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत संस्कृतऐवजी फारसी घ्यावी लागली. संस्कृत त्यांनी पुढे स्वतःच्या कष्टाने मिळविले. आमच्याच जिल्ह्यातील पापळच्या शेतकरी घरातले पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डला जाऊन वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहिते झाले. माझ्या पिढीला हे दार सहज उघडले. आत गेल्यावर आम्ही काय केले, तर बाहेर उभ्या असलेल्या आपल्याच माणसांना अशुद्ध म्हटले. याच जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभावांचे स्थान. संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशवराजांना नागदेवाचार्यांनी थांबविले, कारण त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या बायका वंचित होतील, असे त्यांचे म्हणणे होते. 'स्मृतिस्थळा'तील हा प्रसंग मी वर्गात कितीदा तरी शिकविला आहे. त्या म्हाताऱ्यांत माझी आई आहे हे शिकविताना सुचले नाही.

वैयाकरणांच्या परंपरेत संधीविषयी एक कारिका प्रसिद्ध आहे. तिचा आशय असा की एका पदात संधी नित्य, धातू आणि उपसर्ग यांत नित्य, समासात नित्य. वाक्यात मात्र तो विवक्षेवर, म्हणजे बोलणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून आहे. शाळेत ही कारिका मी पाठ केली होती. 'विवक्षा' या शब्दापाशी थांबलो नव्हतो. दोन शब्द जोडायचे की सुटे ठेवायचे हे बोलणाऱ्याने ठरवायचे आहे, असे ज्या परंपरेने सांगितले तिच्याच नावाने मी आईची विवक्षा काढून घेतली. वेदाध्ययनात संहितापाठाबरोबर पदपाठही असतो. त्यात संधी सोडवून पदे सुटी म्हणतात. आईला मी पदपाठाला बसविले होते.

आता संधी शिकविताना मी फळ्यावर कोष्टक मांडण्याआधी विद्यार्थ्यांना आठवडाभर घरी कान देऊन ऐकायला सांगतो. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने वहीत आजीची चाळीस वाक्ये टिपून आणली आणि विचारले, 'सर, यातलं चुकीचं कोणतं?' चुकीचे एकही नव्हते. कोणता संधी आणि कोणता ध्वनिबदल, एवढे निवडणे बाकी होते. त्यात दोन तासिका गेल्या आणि कोष्टक आपोआप तयार झाले.

आई वलगावलाच असते. मागे एकदा तिला सगळे समजावून सांगितले, की तुझे बरोबर होते, पुस्तकातही तसेच आहे. ती हसली आणि म्हणाली, 'असन बापा.' परवा शेतात किती माणसे आहेत असे विचारले तेव्हा तिने मला 'सात जन' असे सुटे करून सांगितले. थोड्या वेळाने ओट्यावर शेजारणीशी बोलताना तिचे 'साज्जन' मला आतल्या खोलीत स्पष्ट ऐकू आले.