उसनी वाटी

आमच्या लहानपणीं शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणण्यांत कोणासच कमीपणा वाटत नसे. कमीपणा वाटे तो ती परत न करण्यांत. आमची आई तर शेजारची वाटी कधीं रिकामी पाठवीत नसे. संगणकाच्या धंद्यांत पडल्यावर हा साधा शिष्टाचार आम्ही विसरलों, आणि त्याची आठवण आम्हांस एका धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं झाली.

त्या वेळीं आम्ही एका मोठ्या दुकानसाखळीच्या बिलांची व्यवस्था पाहत होतों. गल्ल्यावर बिल करतांना माल, किंमत व सवलत यांची माहिती डेटाबेस नांवाच्या मध्यवर्ती कोठारांतून येते. दर बिलास कोठाराशीं नवी जोडणी करावयाची म्हणजे ओळख पटविणें, परवलीचा शब्द देणें, असा बराच सोपस्कार. पोस्टग्रेससारखा डेटाबेस तर प्रत्येक जोडणीसाठीं स्वतंत्र प्रोसेस उभी करतो. म्हणून थोड्या जोडण्या आधींच करून ठेवतात. ज्याला हवी त्यानें ती उसनी घ्यावी, काम होतांच परत ठेवावी. या सामाईक सांठ्यास 'कनेक्शन पूल' म्हणतात.

हिशेबानें पाहिलें तर अशा जोडण्या थोड्याच पुरतात. जॉन लिटल यांनीं १९६१ सालीं सिद्ध केलेला नियम सांगतो कीं, दर सेकंदास येणारीं कामें गुणिले एका कामास लागणारा वेळ, इतकीं कामें सरासरीनें एका वेळीं चालू असतात. सेकंदास २०० बिलें व प्रत्येकास २० मिलिसेकंद, म्हणजे गुंतलेल्या जोडण्या अवघ्या ४! आमच्यापाशीं २० होत्या.

तरीहि त्या संध्याकाळीं गल्ले ठप्प झाले. जोडणीसाठीं ३० सेकंद वाट पाहून प्रत्येक बिल रिकाम्या हातानें परते. आम्हीं २० च्या ८० जोडण्या केल्या व यंत्रणा पुनः सुरू केली. अर्धा तास रांगा भराभर सरकल्या. मग पुनः तेंच. संख्या वाढविल्यानें संकट केवळ लांबणीवर पडत असेल, तर दोष अपुरेपणाचा नव्हे, गळतीचा असतो, हें आम्हांस तेव्हांच उमगावयास हवें होतें. पण संतापलेल्या माणसास कारण सुचत नाहीं, अपराधी सुचतो. त्याच महिन्यांत रुजू झालेल्या एका तरुण सहकाऱ्यास आम्ही चारचौघांसमक्ष नको तें बोललों. तो मान खालीं घालून उभा राहिला.

मध्यरात्रीं दोष सांपडला. मुदत संपलेलें सवलतीचें कूपन पुढें आलें कीं, प्रोग्रॅम नकार देऊन मधूनच बाहेर पडे, आणि हातांतली जोडणी परत ठेवावयाची राही. एरवीं असें कूपन क्वचित् येई. त्या दिवशीं आदल्या रात्रीं मुदत संपलेलीं कूपनें घेऊन गिऱ्हाइकें झुंडीनें आलीं होतीं. प्रोग्रॅमच्या त्या ओळी तीन वर्षांपूर्वीं आम्हींच लिहिल्या होत्या. काम साधो वा फसो, जोडणी परत ठेवल्यावांचून बाहेर पडावयाचें नाहीं, एवढीच दुरुस्ती. जोडण्या पुनः २० केल्या. दिवाळी संपेपर्यंत त्या पुरून उरल्या.

दुसऱ्या दिवशीं आम्हीं त्या तरुणाची क्षमा मागितली. "जाऊं द्या, सर," तो हसून म्हणाला. पण क्षमा मागितली ती चहा घेतांना, एकांतांत. बोललों होतों तें चारचौघांत. जोडण्या आतां आम्ही चोख परत करतों. ती एक वाटी मात्र अजून आमच्याच घरीं आहे.