जिवाणी कुठे सोडायची?



या वेळी पाककृती नाही. गेले दोन महिने माझं डोकं माशांनी खाल्लंय, त्याबद्दल लिहिते. जैनांच्या घरात मासे म्हटल्यावर दचकू नका, पाळलेले आहेत.

मुलाची बदली बंगळूरला झाली आणि नातवाची काचेची टाकी आमच्या सांगलीच्या घरी आली. आत नऊ गप्पी. "आजी, दोन वेळा चिमूट चिमूट खायला दे, जास्त नको," एवढं सांगून तो गेला. मला आधी नको वाटत होतं, पण महिन्याभरात सकाळची जपमाळ झाली की पाय आपोआप टाकीकडे वळू लागले.

मग एक मादी वाळायला लागली. पोट आत गेलेलं, खाणं तोंडात घ्यायची आणि थुंकायची. पंचांग वाचायचं भिंग घेऊन बसले, तर शेपटीच्या अलीकडे, विष्ठा निघते तिथून लाल दोऱ्याची तीन-चार टोकं बाहेर आलेली. ती हलली की टोकं आत, स्थिर राहिली की बाहेर. माझ्या अंगावर काटाच आला.

माशांच्या दुकानात गेले. त्याने न बघताच निळं औषध दिलं आणि खडेमीठ टाकायला सांगितलं. आठवडाभर टाकी निळी, माझी बोटं निळी, आणि मासे दोन कमी. ते निळं औषध अंगावरच्या बुरशीसाठी असतं, पोटातल्या जंतांना त्याचं काही नाही, हे मला नंतर कळलं. जंताचं औषध मागितलं तर म्हणाला, "काकू, ते इथं मिळत नाही. मुंबईहून येतं, तिथंही संपलंय." मुलाने फोनवर शोधलं, तिथेही "उपलब्ध नाही".

शेवटी शेजारच्या वहिनींच्या म्हशीला बघायला डॉक्टर आले होते, त्यांना गाठून फोटो दाखवला. ते हसले नाहीत, हे विशेष. म्हणाले, "हे कॅमेलॅनस नावाचे जंत, गप्पींमध्ये नेहमीचे. लेव्हामिसोल लागेल. माशांचं औषध म्हणून शोधत बसू नका काकू, शेळ्या-मेंढ्यांचं म्हणून मागा. पण नुसतं लेव्हामिसोल घ्या, दुसरं औषध मिसळलेलं नको." चिठ्ठीवर प्रमाण लिहून दिलं: एका लिटरला २ मिलिग्रॅम, २४ तास, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा.

जनावरांच्या औषधांच्या दुकानात संवाद असा झाला. "किती आहेत?" "सात." "शेळ्या?" "नाही, मासे." त्याने मालकाला हाक मारली. पण पुडी मिळाली.

पुढचा हिशोब मात्र माझ्या हातचा. टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, पाणी २५ उंचीपर्यंत, म्हणजे ४५ लिटर. तळाच्या खड्यांचे तीन वजा, उरले ४२. औषध हवं ८४ मिलिग्रॅम. पुडीवर ३० टक्के लिहिलेलं, म्हणजे पावडर २८० मिलिग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्याला एवढंसं कळतच नाही, म्हणून नेहमीच्या सराफाकडे जाऊन सोन्याच्या काट्यावर तोलून आणली. बी.कॉम.चा उपयोग चाळीस वर्षांनी असा झाला.

आणि ती कागदाची पुडी दोन दिवस डब्यातच राहिली.

कारण तुम्हाला सांगायला नकोच. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात कृमी, मुंगी, भुंगा, माणूस असा क्रम आहे, प्रत्येकाला आधीच्यापेक्षा एक इंद्रिय जास्त. कृमी द्वींद्रिय, मासा पंचेंद्रिय. मी काट्यावर तोलून, दिवस ठरवून कृमी मारणार होते. गृहस्थाला आरंभी, उद्योगी, विरोधी हिंसा पूर्ण टळत नाही, संकल्पी मात्र त्याने करायचीच नाही, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ही नोंद कोणत्या खात्यात टाकायची? हे म्हणाले, "अगं, १० फेब्रुवारीला नातू शाळेतून जंताची गोळी चघळून यायचा, तेव्हा तू विचारलंस का?" नव्हतं विचारलं. उलट मीच त्याला आठवण करायची. पण यांच्या बोलण्याने समाधान झालं नाही, फक्त बोलती बंद झाली.

तिसऱ्या दिवशी ती मादी तळाशी आडवी पडली होती, कल्ले जोरजोरात हलत होते. मग मी णमोकार म्हणत पुडी पाण्यात विरघळवली आणि टाकीत ओतली. फिल्टरमधला कोळसा आधीच काढला होता, नाहीतर तो औषध शोषून घेतो. उजेडानेही औषध उतरतं, म्हणून टाकीवर जुनं लुगडं दुहेरी करून घातलं.

दुसऱ्या दिवशी लुगडं काढलं तर तळाला लाल केसांसारखे जंत पडलेले. हे औषध त्यांना लुळं करतं, पकड सुटते आणि मासा त्यांना बाहेर टाकतो. काही अजून किंचित वळवळत होते. रबरी नळीने तळ ओढून काढायचा होता, कारण पाण्यात राहिलेली अळी पुन्हा माशाच्या पोटात जाते.

बादली भरली आणि मी ती घेऊन अंगणात उभी राहिले.

सासूबाई पाणी गाळून फडकं उलटं धुवायच्या आणि ती जिवाणी त्याच विहिरीत सोडायच्या. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली होती. ती पाण्याला टेकेपर्यंत खाली सोडायची, वरून ओतायची नाही, जिवांना आपटा बसतो. मीही ते वर्षानुवर्षं केलं. ही जिवाणी मात्र ज्या पाण्यातली त्या पाण्यात परत टाकता येत नव्हती. गटारात ओतावी तर आमची गटारं शेवटी कृष्णेलाच मिळतात, आणि तिथेही मासेच आहेत. शेवटी परसातल्या तापलेल्या कोरड्या वाळूवर ओतली. पाच मिनिटांत वाळू सुकली. मी तिथेच कायोत्सर्गाला उभी राहिले, पण मन लागलं नाही.

गावात माताजींचा मुक्काम होता, तेव्हा आलोचना म्हणून सगळं सांगितलं. औषधाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. एवढंच विचारलं, "मासे कोंडले तेव्हा आली नव्हतीस?" बंध हा अहिंसाणुव्रताचा पहिला अतिचार, मीच पाठशाळेत मुलींना शिकवलाय. नदीत माशाला जंत झाले तर त्याला इकडेतिकडे जायला जागा असते, आमच्या ४२ लिटरमध्ये सगळे एकमेकांचंच पितात. नवा मासा आणायचा नाही असा नियम तिथेच घेतला.

तीन आठवड्यांनी दुसरा डोस दिला. या वेळी तळाला फक्त एकच लाल केस दिसला. तोही वाळूवर गेला.

ती आडवी पडलेली मादी वाचली, आणि गेल्या मंगळवारी तिला पिल्लं झाली. पापणीच्या केसाएवढी, नुसते डोळे दिसतात. नियम नवे मासे आणण्याचा होता, घरात जन्मण्याचा नव्हता, असं हे म्हणतात. मी टाकीच्या मधोमध जाळी लावून नर एकीकडे, माद्या एकीकडे केल्यात. नातवाला पिल्लं किती ते सांगायचं होतं, अकरापर्यंत मोजली, मग ती शेवाळात शिरली.